नव्वद आणि तीस

नेहलच्या डोक्याला ताप होता, आणि तो तिच्या समोरच, लॅपटॉपच्या पडद्यावर, मोरपिशी साडी नेसून हसत होता. तिची धाकटी जाऊ, फाल्गुनी.

शहाद्यातल्या त्यांच्या साडीच्या दुकानाची वेबसाइट नेहलनेच उभी केली होती. सासऱ्यांनी, म्हणजे चंपालालजींनी, दोघी सुनांना वीस-वीस साड्या निवडून, नेसून फोटो काढायला सांगितलं. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, जिच्या साड्यांना जास्त मागणी येईल, तिच्या हाती तळोद्याच्या नव्या दुकानाची किल्ली. नेहलला ती किल्ली हवीच होती. आठ वर्षं तिने या घरात पडेल ते काम केलं. फाल्गुनीला येऊन वर्षही झालं नव्हतं, आणि सासूबाई येता-जाता तिच्या रंगाचं कौतुक करायच्या. नेहलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

फोटो चढवताना वेबसाइट दर्जाचा आकडा विचारते. आकडा मोठा तर फोटो स्वच्छ पण जड, लहान तर हलका पण धूसर. नेहलने स्वतःचे फोटो नव्वदवर ठेवले आणि फाल्गुनीचे तीसवर. फाल्गुनीच्या नाकाचा नुसता ठिपका उरला, साडीचे काठ गढूळ झाले. नेहलला फार बरं वाटलं. दुकानाच्या वायफायवर तिने दोन्ही पानं पाहिली. तिचं पान कसं झळकत होतं.

आखाजी आठवड्यावर आली तेव्हा फाल्गुनीच्या साड्यांना एकावन्न मागण्या होत्या, नेहलच्या साड्यांना सहा. नेहलला घास गोड लागेना. त्या धूसर तोंडात लोकांना दिसतं तरी काय?

उत्तर कौसाबाईंनी दिलं. त्या सातपुड्यातल्या एका अंगणवाडीत नोकरीला. गावच्या बायकांसाठी साड्या न्यायला आल्या होत्या. तिकडे टेकाडावर चढलं तरच फोनला जेमतेम रेंज येते, असं त्या सांगत होत्या.

"तुन्हा फोटू नुसता गोल फिरी ऱ्हायनात, माय, उघडतसच नही. धाकलीना लगेच दिसतस."

फाल्गुनी शेजारीच घड्या घालत होती. तिने लॅपटॉप जवळ ओढून दोघींचे आकडे पाहिले. नेहलने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. फाल्गुनीचे डोळे मात्र भरून आले. ती तडक गादीवर बसलेल्या सासऱ्यांकडे गेली.

"पप्पाजी, भाभींनी माझे फोटो मुद्दाम हलके ठेवले. स्वतःचे जड ठेवून."

चंपालालजींनी नेहलच्या डोक्यावर हात ठेवला. इतक्या मोठ्या मनाची सून आपण पाहिली नाही, म्हणाले. किल्ली त्यांनी आखाजीची वाट न पाहता फाल्गुनीला दिली.

"तळोद्याचे फोटोही तुम्हीच चढवा हं, भाभी," फाल्गुनी म्हणाली. "माझे असेच ठेवा."

नेहलने मान हलवली. मग स्वतःचे वीसच्या वीस फोटो तीसवर आणायला बसली.