कवळी आणि कणीस

बाबांच्या तोंडातले दात बाबांनी स्वतःच केले होते, आणि घरातली सगळी पंचाईत तिथूनच सुरू झाली.

बाबा कवळ्या बनवायचे. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, शेजारी मेणाच्या पट्ट्या, दात घासायचं छोटं मशीन, आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. आसपासचे दंतवैद्य तोंडाचे साचे पाठवायचे आणि बाबा त्यावरून दात करून द्यायचे. चाळीस वर्षांत शेकडो माणसं त्यांच्या दातांनी जेवली, पण त्यातल्या बहुतेकांची तोंडं बाबांनी कधी पाहिलीच नव्हती. माणूस डॉक्टरांचा, जबडा आपला, अशी त्यांची सरळ वाटणी होती.

मग त्यांचे स्वतःचे उरलेसुरले दात काढावे लागले. डॉक्टरांनी साचा घेतला आणि बाबा म्हणाले, "पुढचं मी बघतो." बघता बघता तीन महिने झाले. कवळी काही केल्या बसेना. चावायला गेलं की एका बाजूनं उचलायची. बाबा मागच्या खोलीत जायचे, मशीन घर्रर्र करायचं, बाबा बाहेर यायचे, आरशात बघायचे, आणि पुन्हा आत. जेवायला दुधात बुडवलेला पाव. विचारलं तर म्हणायचे, "पित्त झालंय." डॉक्टरांकडे जायचा प्रश्नच नव्हता. चाळीस वर्षं ज्यांना "साचा नीट घ्या हो" म्हणून झापलं, त्यांच्यासमोर आता कुठल्या तोंडानं आ करायचा?

गेल्या मंगळवारी त्यांनी जाहीर केलं, की हात गेला. सोमवारी एक माणूस टेम्पो घेऊन येईल आणि मशीन, टेबल, सगळं सामान घेऊन जाईल.

"ज्याला स्वतःच्या तोंडात धड दात बसवता येत नाहीत," ते म्हणाले, "त्यानं दुसऱ्याच्या तोंडाशी खेळू नये."

आईनं दातांच्या कण्या केल्या, पण ते ऐकेनात.

त्यांची लेक पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. लहानपणी ती घरातली प्रत्येक वस्तू पट्टीनं मोजायची, म्हणून मामानं तिचं नाव इंची पाडलं होतं आणि ते आता पुसायचं नाव घेत नव्हतं. तिनं शाळेचा सगळा अभ्यास त्या मागच्या खोलीत, त्या टेबलाच्या कोपऱ्यावर, प्लास्टरच्या जबड्यांच्या पहाऱ्यात केला होता. सोमवारी तिथे रिकामी जागा असेल हा विचार मनात आला की ती उगाच त्या खोलीत एक चक्कर मारून यायची. पण बोलून उपयोग नव्हता, हे तिला कळत होतं. बाबांना पुरावा लागायचा. तीही त्यांच्यावरच गेली होती.

तोवर रविवार उजाडला. मामाला तिनं आधीच कबूल केलं होतं, की या रविवारी गच्चीवर मेक्सिकोच्या पद्धतीचं कणीस. प्रयोगशाळेतल्या एका निरोपाच्या पार्टीत तिनं ते खाल्लं होतं आणि तेव्हापासून तिला चैन नव्हती. निखाऱ्यावर भाजलेलं कणीस, त्याला पांढरं आंबटसर क्रीम माखायचं, त्यावर खारट चीजचा चुरा, लाल तिखट, आणि वरून लिंबू. तिकडे म्हणे रस्त्यावर उभं राहून खातात, कोपरापर्यंत ओघळ येईस्तोवर.

आठवडाभर तिनं संध्याकाळी तीन प्रयोग केले होते. पहिल्यांदा नुसतं दही लावलं, ते गरम कणसावरून घसरून थेट ताटात. दुसऱ्यांदा नुसतं मेयोनीज, ते चिकटलं खरं पण जीभही चिकटली. तिसऱ्यांदा रात्रभर टांगून घट्ट केलेलं दही आणि मेयोनीज निम्मं निम्मं, त्यात किसलेला लसूण आणि चिमूटभर मीठ. हे बसलं. चीजला मीठ चोळून तिनं दोन दिवस वजनाखाली दाबून ठेवलं होतं. ते आता बोटांनी चुरलं की वाळूसारखं भुरभुरत होतं.

"अगं, कणीस भाजतेस की कुणाचं ऑपरेशन करतेस?" मामा गच्चीच्या कठड्याला टेकून म्हणाला. तो आईचा धाकटा भाऊ, बस चालवायचा, आणि त्याच्या तोंडातली कवळी बाबांच्या हातची होती. गेली सहा वर्षं तो तिनं सुपारीसुद्धा फोडत होता.

"मामा, तू पंखा हलव. गप्पा नको."

"हलवतोय की. हाताचे तुकडे पडले."

"सोळा," इंची म्हणाली.

"सोळा तुकडे?"

"दाण्यांच्या ओळी. या कणसाला सोळा आहेत, त्याला चौदा. कायम सम संख्या असते. मोजून बघ."

"ताई!" मामा जिन्याच्या दिशेनं ओरडला. "तुझी पोरगी कणसाची जनगणना करतेय! आपल्याला जेवायला मिळणार का आज?"

शेगडीतले निखारे आता राखाडी झाले होते. इंचीनं त्यावर जाळी टाकून कणसं ठेवली आणि दर मिनिटाला पाव वळसा फिरवत राहिली. दाणे आधी चमकले, मग पिवळे झाले, मग कुठेकुठे काळे डाग पडून फट्‌ फट्‌ फुटायला लागले. गोडसर, जळकट वास थेट जिन्यातून खाली गेला असावा, कारण आई वर आली आणि पाठोपाठ बाबाही. हात पाठीमागे, चेहरा पित्त झाल्यासारखा.

इंचीनं त्यांच्यासाठी वेगळी सोय केली होती. एका कणसाचे दाणे सुरीनं उतरवून वाटीत घातले होते, वर क्रीम, चीज, तिखट, आणि चमचा. तिकडेही असं वाटीतून खातात, हे ती आवर्जून सांगणार होती. तिनं वाटी पुढे केली.

बाबांनी वाटीकडे पाहिलं. मग मामाकडे. मामाच्या हातात अख्खं कणीस होतं, मिशीला पांढरं क्रीम लागलं होतं आणि तो डोळे मिटून करकर चावत होता.

"हे मला?" बाबा म्हणाले.

"बाबा, तिकडे पण वाटीतून..."

"तिकडचं राहू दे. हा माझ्या दातांनी कणीस फोडतोय, आणि मी चमच्यानं खाऊ?"

"दाजी, दात एक नंबर!" मामा तोंड भरलेलं असतानाच म्हणाला. "सहा वर्षं झाली, अजून..."

"तू गप रे," आई म्हणाली.

बाबांनी वाटी कठड्यावर ठेवली आणि ताटातलं एक कणीस उचललं. कणीस आडवं धरून त्यांनी आधी उजव्या बाजूच्या दातांनी चावा घेतला. कचकन आवाज झाला. कवळी हलली, बाबांनी ती जिभेनं सावरली. मग त्यांनी कणीस फिरवून डाव्या बाजूनं चावलं. आवाजच नाही. परत चावलं. काही नाही. त्यांनी कणीस तोंडातून काढलं आणि खाली ठेवणार, तेवढ्यात त्यांचा हात थांबला.

इंचीनं त्यांचा चेहरा ओळखला. मागच्या खोलीत नवा साचा आला की ते असेच बघायचे. चष्मा कपाळावर, वस्तू नाकापाशी.

"उजेडात ये," ते कणसालाच म्हणाले, आणि स्वतःच दोन पावलं उन्हात गेले.

कणसावर पांढऱ्या थरात दोन चावे स्पष्ट उठले होते. उजव्या बाजूचा सुरीनं कापल्यासारखा, दोन ओळी मुळापासून गायब. डाव्या बाजूला क्रीम नुसतं फासलं गेलं होतं. दाणे दबले होते, पण एकाचीही साल तुटली नव्हती.

"डाव्या बाजूला दात एकमेकांना लागतच नाहीत," बाबा हळूच म्हणाले.

"म्हणजे उजवी बाजू आधी टेकते?" इंचीनं विचारलं.

"टेकते कसली, अडते. उजवी उंच आहे. चांगली केसभर उंच आहे." त्यांनी कणीस पुन्हा नाकापाशी नेलं. "पण मी तर तीन महिने डावीच घासतोय."

"डावी का?"

"कारण डावी उंच होती! उंची कळायला रंगाचा कागद चावून पाहिला, तर कवळी हलायची आणि रंग सगळीकडे लागायचा. म्हणून गाल ओढून आरशात बघितलं. स्वच्छ दिसत होतं."

इंची धावत खाली गेली आणि न्हाणीघरातला छोटा आरसा घेऊन आली. तिचे हात मक्याचे, आरशावर बोटं उठली.

"दाखवा. कुठली बाजू उंच दिसते?"

बाबांनी गाल ओढून आरशात पाहिलं आणि काचेच्या उजव्या कडेला बोट ठेवलं. "ही. समोरच्याची आपल्या उजव्या हाताला दिसते, म्हणजे रोग्याची डावी. साधी गोष्ट आहे. चाळीस वर्षं जबडे समोर ठेवून काम केलंय मी."

"बाबा," इंची म्हणाली. तिच्या ओठांचे कोपरे ऐकेनात. "रोगी कोण?"

"कोण म्हणजे? मी."

"मग तुमच्या समोर कोण बसलंय?"

बाबांनी आरशाकडे पाहिलं. आरशातल्या बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी उजवा हात वर केला, तर काचेतही उजव्या कडेचाच हात वर झाला. चाळीस वर्षांत समोर आलेला प्रत्येक जबडा दुसऱ्याचा होता आणि प्रत्येक वेळी डावं-उजवं उलटवून वाचायचं असतं. ती सवय इतकी हाडात मुरली होती, की आरशातला माणूसही त्यांनी तसाच उलटवून वाचला. आणि रोज, अगदी इमानेइतबारे, चुकीची बाजू घासली.

"म्हणजे हात..." आई म्हणाली.

"हात कशाला जातोय," बाबा म्हणाले. "हातानं सांगितलं तेवढं नेमकं घासलं. सांगणाराच बावळट."

आधी मामा फुटला. मग आई. ती पदराला तोंड पुसत हसत होती, आणि पदरालाही क्रीम. मग बाबा हसायला लागले, तीन महिन्यांत पहिल्यांदा तोंड उघडून. वरची कवळी खाली आली, त्यांनी ती अंगठ्यानं वर ढकलली आणि आणखी जोरात हसले.

"जाळीवरची उतरवू नकोस," ते इंचीला म्हणाले आणि जिना दोन दोन पायऱ्यांनी उतरले.

खालून मशीनचा आवाज आला. घर्र. थांबला. पुन्हा, अगदी थोडा, घर्र. मामानं तोंडातलं चावणंसुद्धा थांबवलं होतं. इंची कणसं फिरवत राहिली. पाव वळसा, एक मिनिट, पाव वळसा. तिच्या लक्षात आलं की आपण मिनिटं मोजतच नाही आहोत.

बाबा वर आले ते केसांवर पांढरी धूळ घेऊन. त्यांनी हात पुढे केला. इंचीनं सगळ्यात भरलेलं कणीस निवडलं, क्रीम माखलं, चीज भुरभुरवलं, तिखट शिंपडलं, लिंबू पिळलं. बाबांनी डाव्या बाजूनं चावा घेतला.

कचकन.

मग उजव्या बाजूनं. कचकन. मग काही बोलायला ते थांबलेच नाहीत. ओळीमागून ओळ, टाइपरायटरसारखं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हनुवटीवरून ओघळ मनगटावर आला आणि मनगटावरून कोपराकडे निघाला.

"तिखट कमी आहे," ते शेवटी म्हणाले.

"वजन करून घातलंय," इंची म्हणाली.

"मग वजनकाटा तपासून घे."

दुसरं कणीस अर्ध्यावर असताना त्यांनी खिशातून फोन काढला. बोटांचे डाग काचेवर उठत होते, नंबर तीनदा चुकला.

"हां, मी बोलतोय. कवळीवाला. उद्या टेम्पो आणू नका." पलीकडून बराच वेळ काहीतरी विचारणं चाललं होतं. "नाही, दुसऱ्या कुणाला दिलेलं नाही. लागणार आहे मला सगळं. काय? आवाज असा का येतोय?" त्यांनी घास गिळला. "जेवतोय हो! तोंडात मका आहे!"

फोन ठेवून ते ताटाकडे वळले, तर ताटात एकच कणीस उरलं होतं आणि आईचा हात त्यावर होता.

"हे माझं," आई म्हणाली. "तुम्ही ती वाटी घ्या."