पाठीला दात

उंगाटने कुचिंग शहरातल्या दुकानदाराने पाठवलेली सुरी खोक्यातून काढली, तोच लांबघराच्या सामायिक ओसरीवर तिथली निम्मी बिऱ्हाडं जमली. हातभर पातं, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीत होकायंत्र. आजीने ती उलटसुलट पाहिली आणि विचारलं, हल्ली नदीची वाट कुणाला सापडत नाही की काय.

उंगाटने ते हसण्यावारी नेलं. रानात न्यायच्या सुऱ्यांची पारख करून तो फोनवर व्हिडिओ टाकायचा आणि लोक आवडीने बघायचे. ही सुरी खपली तर दर महिन्याला नवं हत्यार आणि वर पगार, असं दुकानदाराने कबूल केलं होतं. मिरीच्या गोदामात पोती उचलून त्याचा जीव मेटाकुटीला आला होता, हे काम त्याला अगदी मनापासून हवं होतं.

फोन धरायला चुलतबहीण लेमाई होती. पुढच्या आठवड्यात ती पहिल्यांदाच वाटाडी म्हणून पाहुण्यांना घेऊन रानात निघणार होती.

सुरुवात झोकात झाली. झुडपं साफ झाली, नारळ फुटला. हात लवकर भरून आला, पण त्याबद्दल उंगाटने चकार शब्द काढला नाही. मग कोंबडी शिजवायला जळण हवं म्हणून बांबू चिरायला घेतला आणि पातं मध्येच अडकलं. अशा वेळी कोयत्याच्या पाठीवर डावा तळवा टेकवून अंगाचा भार टाकायचा, हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उंगाटनेही सवयीने तेच केलं, आणि दात तळव्यात रुतले.

आजीने फडकं बांधता बांधता दुकानदाराच्या सात पिढ्या उद्धरल्या. उंगाटने त्याला फोन करून घडलं ते सांगितलं, तर गडी म्हणाला, व्हिडिओतला तेवढा तुकडा काढून टाका, पोलाद तर चांगलं आहे ना. पोलाद चांगलं होतंच. उंगाटने मनात तसं वाक्य जुळवूनही पाहिलं. समोर लेमाई ती सुरी कमरेला लावून कशी दिसते ते बघत होती.

"फोन धर," तो म्हणाला, आणि घसा खाकरून बोलायला लागला. "धार उत्तम आहे. पण सुरी जड आहे, आणि कोयत्याला सरावलेल्या हाताला ही दगा देणार. मी घेणार नाही. माझी बहीण रानात चाललीय, तिलाही घेऊ देणार नाही."

रक्त दिसणारा तुकडा तसाच ठेवून त्याने व्हिडिओ टाकून दिला. हातचं काम गेलं याचं त्याला फार वाईट वाटलं.

लेमाईने सुरी कमरेची काढून खाली ठेवली.

"दादा, मी कालच त्या दुकानदाराला माझ्यासाठी अशीच एक बाजूला ठेवायला सांगितली," ती म्हणाली. "म्हटलं, तू वापरणार म्हणजे आणखी पारखायला नको."

उंगाटने उजव्या हाताने फोन घेतला आणि तिची सुरी नको म्हणून सांगायला दुकानदाराचा नंबर पुन्हा लावला.