कासियानची दुर्बीण

कासियानने तिसरी दुर्बीण डोळ्यांना लावली आणि समोरच्या डोंगरातल्या फरच्या झाडांखालचा अंधार पुन्हा शोधायला घेतला. बुर्गी दोन्ही हातांत एकेक दुर्बीण धरून त्याच्या शेजारी उभी होती. दुकानाच्या मागच्या दारी नदीवरून गार वारा येत होता, पण दुर्बीण घ्यायला आलेल्या प्रत्येकाला ती आधी इथेच आणून उभी करी. खिडकीच्या काचेतून बघून दुर्बीण घेणारा आणि फोटो बघून बायको करणारा, दोघे नंतर भांडायला माझ्याच दारात येतात, असं तिचे वडील म्हणायचे. दुकान तिच्याकडे आलं, तसं ते वाक्यही आलं.

"उजेडात सगळ्याच चांगल्या दिसतात," ती म्हणाली. "त्या झाडांखाली बघा. एक ओंडका पडलाय. त्याची साल दिसते का?"

साल दिसत होती. पण दहापटीच्या दुर्बिणीत ती जितकी जवळ आली होती, तितकीच थरथरत होती. कासियानच्या हातांनी एकतीस वर्षं खिंडीच्या रस्त्यावर बर्फ हटवायच्या यंत्राचं धूड हाकलं होतं आणि त्याची धडधड अजून त्यांच्यातून गेली नव्हती. त्याने दुर्बीण परत केली. बुर्गीने आठपटीची पुढे केली. ही हातात शांत बसत होती. तिच्यानंतर तिने एक मोठ्या तोंडाची, जड दुर्बीण दिली. तिच्यात झाडाखालचा अंधार फिकट झाल्यासारखा वाटला, पण मिनिटभरातच मान भरून आली.

"ती मचाणावर बसून डुकरांची वाट बघणाऱ्यांची," बुर्गी म्हणाली. "तुम्ही चढणारी माणसं. आता चर्चचा मनोरा बघा. कडेला जांभळी रेघ दिसते? दिसत असेल तर काच हलकी. हातमोजे घालून चाक फिरवून बघा. वर गेल्यावर काय मोजे काढत बसणार आहात?"

कासियानने खिशातून मोजे काढून घातले आणि चाक फिरवलं.

"आत्तापर्यंत कुठली वापरत होता?"

"माझी नव्हतीच कधी," तो म्हणाला.

ते खरं होतं. चौतीस शरद ऋतू तो गाम्सच्या, त्या कड्यांवरच्या रानशेळ्यांच्या, मागे कडे चढला होता आणि चौतीस वर्षांत त्याच्या गळ्यात दुर्बीण नव्हती. ती रोमेडच्या गळ्यात असे. रोमेड गावातला सुतार, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा. उभ्या कड्यावर चरणारा कळप तो उघड्या डोळ्यांनी आधी हेरायचा आणि मग दुर्बीण लावून शिंगांवरची वर्षांची वळी मोजायचा. हा नर सात वर्षांचा, राहू दे. ही म्हातारी, दात गेलेले असणार, हा हिवाळा काढायची नाही. ही दुभती. ही भाकड. तो सांगायचा आणि कासियान गोळी झाडायचा. दोघांत मिळून एक शिकारी आहे, असं गाव चेष्टेने म्हणायचं. कासियानला त्या चेष्टेचा कधी राग आला नव्हता. लग्न त्याने केलं नव्हतं. घरी एक बहीण होती, ती गेली. त्यानंतर वर्षभरातलं त्याचं बोलणं मोजलं असतं तर निम्म्याहून अधिक रोमेडशी, आणि तेही कड्यावर, कुजबुजत झालेलं भरलं असतं.

मग दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर आला. त्या दिवशी दोघे पांढऱ्या कड्याखाली दगडाला टेकून पडले होते. समोर तीनशे पावलांवर एक मादी एकटीच उभी होती. रोमेडने बराच वेळ दुर्बीण लावून ठेवली होती. शेवटी तो म्हणाला, भाकड आहे, घे. कासियानने घेतली. दोघे जवळ गेले, कासियानने तिला उलटवलं, तेव्हा कास दुधाने भरलेली होती. वरच्या कपारीवर पिल्लू उभं होतं. ते दिवस मावळेपर्यंत तिथून हललं नाही. दोघांना हाकलताही आलं नाही आणि पकडताही आलं नाही.

वसंतात खानावळीच्या सभागृहात वर्षाच्या सगळ्या शिकारीची शिंगं फळ्यांवर टांगतात. चूक झालेल्या शिंगांवर लाल टिकली लावतात आणि खाली मारणाऱ्याचं नाव असतं. कासियानच्या नावावर आयुष्यातली पहिली लाल टिकली लागली होती. कुणीतरी हसत विचारलं, काय रे, पिल्लू दिसलं नाही का? कासियानच्या हातात बिअरचा मग होता. तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "मी गोळी मारतो. बघायचं काम त्याचं."

रोमेड शेजारच्याच टेबलावर होता. त्याने ग्लास संपवला, खुंटीवरची टोपी घेतली आणि तो बाहेर पडला. त्या महिन्यात त्याने शिकारीचा परवाना परत केला. फुगलाय, असं लोक म्हणाले. कासियानही तेच म्हणाला. तेव्हापासून दोघे एका गावात, एका चर्चमध्ये, दोन वेगळ्या बाकांवर बसत होते. मधली दोन वर्षं कासियान कड्यावर गेलाच नाही. या वर्षी शिकारीच्या वाटपात त्याच्या नावाने पुन्हा एक भाकड मादी मंजूर झाली होती, आणि बघायला कुणी नव्हतं.

"ही," तो म्हणाला. आठपटीची त्याने खाली ठेवलीच नव्हती.

"बरोबर निवडलीत." बुर्गीने बाकीच्या उचलल्या आणि दार पायाने ढकलून ती आत गेली. गल्ल्यामागे उभी राहून ती कातडी पट्टा ओवू लागली. "रोमेडकाकांनीही हीच सगळ्यांत जास्त वेळ धरली होती."

कासियानने वर पाहिलं.

"तुम्हाला माहीत असणारच," ती पट्ट्याकडे बघतच बोलत होती. "जुलै होता. तुमचं ते पिल्लाचं झालं, त्याच वर्षीचा. दुपारभर मागच्या दारी उभे होते. सहा दुर्बिणी झाल्या, आणि सगळ्यांत धुकं आहे म्हणाले. धुकं कसलं, त्या दिवशी लख्ख ऊन होतं. शेवटी मीच म्हटलं, काका, दोष काचेत नाहीये. मग मीच गाडीत घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं."

"काय म्हणाला डॉक्टर?"

तिचे हात थांबले. त्याला माहीत नव्हतं, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. पण आता अर्ध्यावर थांबण्यात अर्थ नव्हता.

"मधलं जातं म्हणे. कडेकडेचं राहतं," ती हळू म्हणाली. "ज्याच्याकडे बघावं, तेवढंच नाहीसं होतं."

कासियानने पैसे दिले, दुर्बीण गळ्यात घातली आणि तो बाहेर पडला. टोपी गल्ल्यावरच राहिली होती. बुर्गी ती घेऊन बसथांब्यापर्यंत पळत आली. "मी बोलायला नको होतं," ती म्हणाली. त्याने मान हलवली. त्याचा अर्थ हो होता की नाही, ते तिला कळलं नाही.

बस खोऱ्याच्या तोंडापर्यंत रिकामीच होती. पहिल्या वळणांवर त्याला फक्त संताप आला. जुलैमध्ये कळलं होतं आणि ऑक्टोबरात हा माणूस दुर्बीण लावून बसला होता. दिसत नाही म्हणाला असता, तर काय झालं असतं? काय झालं असतं ते कासियानला लगेच कळलं. दोघे वर गेलेच नसते. कुणीच गेलं नसतं.

मग एकेक गोष्ट आठवू लागली. त्या शरदात रोमेड त्याच्या पुढे नव्हे, मागे चालत होता, आणि कासियानचं पाऊल जिथे पडेल तिथेच आपलं टाकत होता. गुडघा दुखतो म्हणाला होता. चहा ओतायला कासियानला सांगत होता. कळप दिसला की आधी विचारायचा, तुला कुठे वाटतं? कासियानला वाटलं होतं, म्हातारपणी का होईना, आपल्यालाही किंमत द्यायला लागला. त्याला त्याचा आनंद झाला होता.

बस लाकूड कापायच्या गिरणीपाशी आली, तेव्हा जी गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नव्हती, तीही वर आली. बंदुकीवरही नेम धरायची काच असते. ती छोटी असते, पण असते. मादी तिच्यात नीट बसली होती. तिच्या मागच्या दगडाआड काहीतरी हललं होतं. छोटं, करडं, क्षणभर. त्या उंचीवर झुडूप नव्हतं, की वाऱ्याने हललं म्हणावं. कासियानचं बोट तेव्हा घोड्यावर होतं. रोमेड भाकड म्हणतोय म्हणजे भाकड, असं त्याने मनाशी म्हटलं होतं, आणि घोडा दाबला होता.

तो आपल्या थांब्यावर उतरला नाही. बस वर, शेवटच्या घरांपर्यंत गेली.

रोमेड दारासमोरच्या बाकावर बसला होता. भिंतीला रचलेल्या सरपणावर त्याची पाठ टेकलेली होती. पायांत लोकरीचे मोजे आणि लाकडी खडावा होत्या. शेजारी ताटलीत पावाचा तुकडा आणि सुकवलेलं मांस होतं, सुरी न लावलेलं. खडीवर पावलं वाजली तेव्हा त्याने मान वळवली, पण नजर किंचित बाजूला, कासियानच्या खांद्याकडे राहिली.

"डावा पाय अजून घासतोस," तो म्हणाला.

"बस म्हणशील की नाही?"

"बाक काय माझ्या एकट्याचा आहे? बस."

कासियान बसला. दोघांच्या मध्ये ताटली होती. पुतणी गुरुवारी येते आणि सूप करून ठेवते, ते रविवारपर्यंत पुरतं, असं रोमेडने सांगितलं. कासियानने नव्या पुलाचं सांगितलं. मग रोमेडचा हात पुढे आला, थोडा हवेत चाचपडला आणि कासियानच्या छातीवरच्या दुर्बिणीपाशी थांबला.

"घेतलीस?"

"आज."

"दहापटीची नाही ना घेतलीस? तुझे हात बघता..."

"आठ."

"शहाणा झालास." त्याने हात तसाच पुढे ठेवला. "बघू तरी."

कासियानने पट्टा मानेतून काढून दुर्बीण त्याच्या हातात दिली. रोमेडने वजन जोखलं, काचांवरून अंगठा न फिरवता कडेकडेने बोटं फिरवली, नळ्या उघडून-मिटून सांधा किती घट्ट आहे ते पाहिलं. जुन्या सुताराने नवा रंधा बघावा, तसं. मग त्याने ती डोळ्यांना लावली आणि पांढऱ्या कड्याकडे तोंड केलं.

समोर पांढरा कडा नव्हता. दुपारपासून खिंडीतून उतरणारं धुकं आता झाडांच्या शेंड्यांपर्यंत येऊन टेकलं होतं. त्याच्या वर सगळं राखाडी होतं. समोरच्या घराच्या धुराड्यापलीकडे काहीही दिसत नव्हतं.

रोमेड बघत राहिला. चाकाला त्याने बोटसुद्धा लावलं नव्हतं.

"चांगली आहे," तो म्हणाला. "स्वच्छ आहे काच."

"हो."

"कड्याच्या खालच्या पट्ट्यावर आहेत. तीन."

कासियानने धुक्याकडे पाहिलं, आणि मग शेजारच्या माणसाच्या हातांकडे. ते हात अजिबात थरथरत नव्हते.

"तीनच," कासियान म्हणाला.

"मधली जरा एकटी उभी आहे. अंगाने सुकलेली." रोमेडने दुर्बीण डोळ्यांवरून काढली आणि त्याच्याकडे दिली. "भाकड वाटते. पण माझं सोड. तू बघ. मागे पिल्लू आहे का, ते नीट बघ."

कासियानने दुर्बीण लावली. चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं. काचांत धुकं भरून राहिलं होतं, जवळचं आणि दूरचं सारखंच. श्वासाने खालची कड ओलसर झाली. त्याने ती पुसली नाही. खाली कुणाच्या तरी गोठ्यात घंटा वाजत होती. रोमेड घाई करत नव्हता. घाई तो कधीच करत नसे.

"आहे," कासियान म्हणाला. मग त्याने पुन्हा सांगितलं. "आहे पिल्लू. दगडाआड. मला दिसतंय."

रोमेडने ताटली मांडीवर ओढली, चाचपून सुरी घेतली आणि मांसाची एक पातळ चकती कापली.

"मग राहू दे," तो म्हणाला.