पाण्यातल्याची वाट

माझ्या सासूनं माझ्याशी बोलणं टाकलं त्याला चार दिवस झाले होते, आणि कारण होतं माझं नवं स्वयंपाकघर.

आमचं घर आणि शेजारच्या बी रुकियाची दगडी भिंत यांच्यामध्ये दहा हातांची मोकळी जागा होती. आमचं मागचं अंगण वरच्या अंगाला गवताच्या माळाला लागतं आणि खाली त्या मोकळ्या जागेतून नदीला. सासऱ्यांनी हयातभर ती जागा तशीच ठेवली, कारण पाणघोडे माळावर चरायला त्याच वाटेनं यायचे-जायचे. पण दोन वर्षं एकही फिरकला नव्हता. "धुरानं डोळे गेले माझे," म्हणून मी नवऱ्याच्या, शालीच्या, मागे लकडा लावला. शेवटी त्यानं तिथं चार खांब रोवले आणि तीन बाजूंनी माडाच्या झापा बांधल्या. अंगणाकडची बाजू उघडी ठेवली. बी रुकियाच्या भिंतीलगत माणूस जेमतेम जाईल एवढी फट तेवढी उरली.

"वाट पाण्यातल्याची आहे," सासू म्हणाली. आमच्या किपिनी गावातली जुनी माणसं पाणघोड्याचं नाव घेत नाहीत.

"मग त्यानं कागद दाखवावेत," मी म्हणाले. जिभेला हाड नाही माझ्या.

त्या दिवसापासून म्हातारी रोज दुपारी त्या फटीत चटई टाकून बसायची आणि ताडपात्यांच्या पट्ट्या विणायची. मी म्हटलं, बसू दे. रुसायला वाऱ्याची जागा बरी शोधलीय.

यंदा नदीच्या वरच्या अंगाला पाऊस नव्हता. काठचं गवत संपलं, तसे पाणघोडे दिवसाउजेडीच बाहेर पडायला लागले. मागच्या महिन्यात मासे विकणारा हमादी एका पाणघोड्याच्या आणि नदीच्या मध्ये सापडला. मांडीपासून पाय गेला, आणि तिसऱ्या दिवशी तोही गेला. पाणघोडा बिथरला की दुसरं काही बघत नाही, सरळ पाण्याकडे धावतो. मध्ये कोण आहे हा त्याचा प्रश्न नसतो. म्हणून आमच्याकडे तो दिसला की ओरडायचं नाही, भांडी वाजवायची नाहीत, फक्त वाट सोडायची.

असरची, तिसऱ्या प्रहरीची, बांग होऊन गेली होती. आभाळ भरलेलं होतं. मी धुणं काढायला अंगणात मधोमध आले आणि उजवीकडे, माळाच्या कडेला, काहीतरी फुसकारलं. वीस पावलांवर तो उभा होता. तोंडातून गवत लोंबत होतं. कान एकसारखे हलत होते.

माळावर तो कुठून वळसा घालून आला कोण जाणे. त्याला परत जायचं ते नदीकडेच, आणि अंगणातून पाणी दिसत होतं ते आता फक्त त्या फटीतूनच. फटीत माझी सासू बसलेली, गुडघे दुखणारी, उठायला खांब धरणारी.

मी छातीशी हात धरून तिला खुणा केल्या. उठा, मागे सरका, नदीच्या बाजूला व्हा. तिनं माझ्याकडे पाहिलं. हनुवटी उडवली. मी पुन्हा हात हलवला. तिनं पुन्हा हनुवटी उडवली, घराकडे, आणि मान खाली घालून विणायला लागली.

अगं बाई, आत्ता? जीव जायची वेळ आली तरी हिचा रुसवा जाईना! इतका संताप आला मला, आणि इतकी भीती, की कुठलं काय ते कळेना. शालीला काय सांगू? तुझ्या आईला माझ्या चुलीनं मारलं?

तो एक पाऊल पुढे आला. मग आणखी एक.

मी पाठ न फिरवता मागे सरकत स्वयंपाकघरात शिरले. नारळ सोलायचा कोयता घेतला आणि नदीकडच्या झापांचा काथ्या कापत सुटले. शालीनं गाठी मारल्या होत्या त्या काय मारल्या होत्या! एकेका गाठीला मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मनातल्या मनात. हात घामानं निसटत होते. मागून त्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटची दोरी तुटली, झाप बाहेर पडली आणि समोर नदी दिसली. मी बाहेर उडी मारली, वळसा घालून फटीत शिरले आणि म्हातारीला काखेत धरून मागे ओढलं. दोघी चिखलात पडलो.

त्याला पाणी दिसलं. माझी चूल, माझी खवणी, दुपारचा नारळभात, सगळं तुडवत तो आमच्या हाताच्या अंतरावरून गेला. दोन खांब घेऊनच गेला. नदीत धपकन आवाज झाला आणि मग काहीच नाही.

मी रडत सुटले. रडता रडता भांडले. "मी खुणा करत होते! दिसत नव्हतं तुम्हाला? तोंड कसलं फिरवता?"

"तोंड कुठं फिरवलं?" चार दिवसांनी ती बोलली. "आत जा म्हणून सांगत होते. घरात जा. त्याच्याकडे बोट करू नये, हात नाचवू नयेत, तर ही आपली उभी अंगणात, कपडे वाळत घातल्यागत!"

"मग तुम्ही तरी उठायचंत!"

"मी हलले असते तर तो उधळला असता, पोरी. त्याच्या आणि माझ्या मध्ये तू होतीस."

ती उठायला गेली, पण आता तिला पाय टेकवतच नव्हते. मी तिच्यापुढे पाठ करून बसले. लग्नाच्या अकरा वर्षांत पहिल्यांदाच तिनं माझ्या गळ्यात हात टाकले, आणि मी तिला उचलून घरात नेलं.