कुसुमकाकूंचा चेहरा

सकाळी मुक्ताने आपल्या शिल्पावरचं ओलं फडकं काढलं आणि तिला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या स्टँडपाशी आलो आहोत. चेहरा कुसुमकाकूंचाच होता. नाक, हनुवटी, मागचा लहानसा अंबाडा, सगळं तिनेच केलेलं. पण काल तिने ओठांचे कोपरे किंचित खाली ओढून ठेवले होते, ते आता वर गेले होते. काकू हसत होत्या.

माती रात्रीत बसली असेल, असं तिने स्वतःला समजावलं. पण बसलेली माती खाली येते, वर जात नाही. शिवाय मुक्ता लाकडी कोरणीने काम करायची आणि या कोपऱ्यांवर अंगठा फिरवल्यासारखा गुळगुळीतपणा होता.

उज्जैनच्या त्या कला महाविद्यालयात शिल्प आणि फोटोग्राफीची कार्यशाळा चालू होती. सकाळी माती, दुपारी कॅमेरा. शिल्प शिकवायला इंदूरहून यशोधन सर यायचे. माधव नगरात राहणाऱ्या कुसुमकाकू त्यांच्या जुन्या ओळखीच्या. नवरा रेल्वेत होता, मागच्या वर्षी गेला. "घरी बसून काय करता, आमच्या मुलांसमोर बसा," असं सर म्हणाले आणि काकू खरंच येऊन बसल्या. खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ, हात मांडीवर, मुलांशी गप्पा मारत. सगळ्यांना त्या आवडायच्या.

मुक्ताने कोपरे पुन्हा खाली घेतले. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर होते. डोळ्यांखाली तिने मेहनतीने कोरलेल्या खळग्यांतही माती भरलेली होती.

तिने आजूबाजूला पाहिलं. बाकीच्यांची मातीची डोकी जशीच्या तशी होती. कोणीतरी फक्त तिच्याच कामाला हात लावत होतं.

संशय केदारवर गेला, याला कारण होतं. केदार तिच्याच वर्गातला, उज्जैनचाच मराठी मुलगा, हात शिल्पापेक्षा कॅमेऱ्यावर जास्त चालणारा. रोज संध्याकाळी सगळे गेल्यावर तो मागे थांबायचा आणि दिवा इकडून तिकडून लावून डोक्यांचे फोटो काढायचा. आणि पहिल्याच दिवशी तिच्या स्टँडपाशी थांबून तो म्हणाला होता, "काकूंना एवढं दुःखी का केलंस गं? त्या तर दिवसभर हसतात."

"मला दिसतात तशा करते," ती म्हणाली होती.

त्या दुपारी सगळ्यांना भैरवगढला नेलं होतं, कापडावर ठसे मारणाऱ्यांचे फोटो काढायला. नदीच्या काठी लाल-काळी कापडं वाळत पडली होती. बाकीचे त्यांचे फोटो काढत होते आणि मुक्ता केदारचे हात बघत होती. एका कारागिराने त्याला ठसा मारून बघायला दिला. केदारने तो रंगात बुडवला, कापडावर ठेवला आणि वरून तळहाताने ठोकला. त्याचे अंगठे रुंद होते. मुक्ताची खात्रीच पटली.

"काय बघतेस?" त्याने विचारलं.

"काही नाही."

"सकाळपासून बघतेयस. काही प्रॉब्लेम आहे का?"

"तुला काय वाटतं, असायला हवा का?"

त्याला काही कळलं नाही. किंवा न कळल्याचं तो दाखवतोय, असं मुक्ताला वाटलं.

पुढच्या सकाळी ओठ पुन्हा हसरे दिसले तेव्हा तिचा तोल गेला. सगळा वर्ग मातीत हात घालून बसलेला, काकू नुकत्याच खुर्चीत टेकलेल्या, यशोधन सर दाराशी. ती सरळ केदारसमोर जाऊन उभी राहिली.

"माझ्या कामाला हात लावायचा नाही. स्वतःला जमत नाही तर दुसऱ्याचं बिघडवायचं?"

"कोण हात लावतंय?"

"शेवटी इथे कोण थांबतं? तूच ना?"

केदारने कॅमेरा काढला, स्क्रीन तिच्यासमोर धरली. कालच्या संध्याकाळचा फोटो होता. ओठ खाली, डोळ्यांखाली खळगे. "मी निघालो तेव्हा हे असं होतं. बघ."

"फोटो काढून मग बदललं असशील."

मागून कोणीतरी हसलं, "अरे, क्या पता, मैडम खुद ही करती हों. सबका ध्यान इधर." आणखी दोघं-तिघं हसले. खुर्चीतल्या काकू मांडीवरच्या हातांकडे बघत राहिल्या.

"पुरे," सर म्हणाले. "सगळे कामाला लागा."

केदार त्या दिवशी फोटो काढायला थांबला नाही. तो सगळ्यांच्या आधी निघून गेला, हे मुक्ताने मुद्दाम पाहिलं. मग सर्वांत शेवटी ती स्वतः निघाली. आता सकाळी डोकं जसंच्या तसं सापडलं, तर तोच चोर.

तिला वर्ग भरेपर्यंत धीर निघाला नाही. ती पहाटेच उठली आणि शिपाई हॉल उघडून झाडायला लागतो त्या वेळेला पोचली. शिपाई बाहेर अंगणात पाणी मारत होता. आतून पाण्याचा हलकासा आवाज आला. ती चपला काढून दारापर्यंत गेली.

कुसुमकाकू तिच्या स्टँडपाशी उभ्या होत्या. चष्मा कपाळावर, पदर कमरेला खोचलेला. वाटीतल्या पाण्यात अंगठा बुडवून त्या मातीच्या ओठाचा कोपरा वर सरकवत होत्या, लहान मुलाचं तोंड पुसावं तशा.

"काकू?"

त्या दचकल्या नाहीत. अंगठा पदराला पुसत म्हणाल्या, "आज लवकर आलीस."

"तुम्ही करत होतात हे?"

"रामघाटावर नदीत अंघोळ करून येते ना सकाळची. हा हॉल उघडा असतो. बसते इथे." मग थोडं थांबून, "बाकीच्या पोरांनी कुणाचंही डोकं केलंय गं. एकाने तर मला त्याच्या मावशीचं नाक लावलंय. तुझंच तेवढं माझं आहे."

"मग बिघडवता कशाला?"

काकूंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "रविवारी प्रदर्शन आहे. पराग येणार बघायला."

पराग त्यांचा मुलगा, बँकेत. रोज इंदूरला जाऊन-येऊन नोकरी करायचा. घरात आता दोघंच. वडील गेले तेव्हा त्याने बढती नाकारली होती. आता पुन्हा आली होती, गुवाहाटीची.

"मी त्याला सांगितलंय, मी एकदम मजेत आहे. भजनाला जाते, कॉलेजात जाते, पोरांत माझं मन रमतं. तू बिनधास्त जा. त्याने हे तोंड बघितलं ना, तर तो जायचा नाही."

"आणि तुम्ही मजेत नाही?"

"तो इंदूरहून येईपर्यंत मी दाराला कडी लावून बसते, बेटा. जिना कुणी चढलं तरी छातीत धडधड होते. हे त्याला सांगू? एकदा राहिलाच की माझ्यापायी." मग त्यांनी मुक्ताचा हात धरला. त्यांचा हात मातीने गार झाला होता. "कुणाला सांगू नकोस. हो म्हण."

"हो," मुक्ता म्हणाली.

नळाशी केदार ब्रश धूत होता तिथे ती त्याला गाठायला गेली. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"केदार, तू नव्हतास. सॉरी."

"मग कोण होतं?"

"ते सांगता येणार नाही."

केदारने नळ बंद केला. "वा. म्हणजे कुणीच सापडलं नाही, म्हणून मी सुटलो. वर्गाला वाटायचं ते वाटतंच आहे." तो निघून गेला.

मुक्ताने काकूंच्या ओठांना परत हात लावला नाही. यशोधन सर येऊन बराच वेळ त्या डोक्याकडे बघत उभे राहिले. "घाबरलीस का? परवापर्यंत हे जिवंत होतं." तिने मान खाली घातली. स्वतःच्या हाताने चांगलं काम मारल्यासारखं तिला वाटत होतं. पण शब्द दिला होता.

रविवारी संध्याकाळी हॉल भरला. मध्ये डोकी, भिंतींवर फोटो. काकू नव्या साडीत आल्या होत्या, सोबत पराग. उंच, जरा पोक काढून चालणारा. मुक्ताच्या शिल्पापाशी तो थांबला आणि हसला. "आई, एवढं गोड तू कधी हसतेस गं? मला तर कधी दिसली नाहीस."

"घरी तुझ्यामागे धावायचं असतं," काकू म्हणाल्या आणि सगळे हसले. मुक्ताने श्वास सोडला.

तो हसतच फोटोंकडे वळला, आणि मुक्ताला भिंत दिसली. केदारने आपल्या जागेत तिच्याच शिल्पाचे फोटो ओळीने लावले होते. संध्याकाळचा, सकाळचा, पुन्हा संध्याकाळचा, पुन्हा सकाळचा. खाली एक अक्षर नव्हतं. संध्याकाळच्या फोटोंत बाजूने लावलेल्या दिव्याच्या उजेडात ते खळगे आणि खाली ओढलेले ओठ, जवळून बघावं तसे स्पष्ट होते.

पराग पहिल्या फोटोसमोर उभा राहिला. बराच वेळ. कुणीतरी त्याला चहा दिला, तो त्याने घेतला नाही.

"आई, इकडे ये."

काकू गेल्या. फोटो बघितला.

"ही तू आहेस," पराग म्हणाला.

"माती आहे ती."

"आई."

काकूंनी मान वळवून गर्दीत मुक्ताला शोधलं. ती नजर मुक्ताला सहन झाली नाही. भाषणं सुरू व्हायच्या आतच ते दोघं निघाले. दाराशी तिच्याजवळून जाताना काकू हळूच म्हणाल्या, "हो म्हणाली होतीस ना."

ती केदारकडे धावली. "हे कशाला लावलंस?"

"कशाला म्हणजे? मी निघताना ते कसं होतं, ते लोकांना दाखवलं. सकाळचे फोटो मी कोवळ्या उजेडासाठी सगळे यायच्या आत काढले होते, बदल नंतर शेजारी ठेवल्यावर दिसला. चोर मी नाही, एवढंच."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिने त्याला सगळं सांगितलं. ऐकता ऐकता केदारचा चेहरा उतरला. "मला काय माहीत," तो दोनदा म्हणाला. मग म्हणाला, "उद्या माझ्याबरोबर चल."

माधव नगरातल्या त्या घराचं दार आधी फक्त साखळीएवढं उघडलं. फटीतून काकूंनी दोघांना पाहिलं आणि साखळी काढली, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"काकू, फोटो माझे होते," केदार म्हणाला. "हिने मला काहीच सांगितलं नव्हतं. मी विचारलं तेव्हाही नाही. मीच चिडून लावले."

"हिने दिले नाहीत?"

"नाही."

काकूंनी मुक्ताकडे पाहिलं. "काल घरी येऊन खूप शिव्या दिल्या मी तुला. मनातल्या मनात." मग त्या दारातून बाजूला झाल्या. "या आत."

आत पराग फोनवर कुणाशी तरी रजेचं बोलत होता. त्याने हात वर करून दोघांना बसायला सांगितलं. आईने त्याला सगळं सांगून टाकलं होतं, कडीचं, जिन्याचं. तो चिडला होता, रडलाही होता, असं काकूच म्हणाल्या. तो जाणार होता. बँकेकडून थोडी मुदत मागून घेत होता आणि थंडीत काकू त्याच्याबरोबर तिकडे जाणार होत्या.

"मला नाही वाटत मला तिकडे करमेल," काकू म्हणाल्या. "पण बघू. नाही जमलं तर परत येईन आणि सरळ सांगेन, भीती वाटते, शेजारी कुणी बघा म्हणून."

परत येताना बसस्टँडच्या वळणावर केदार म्हणाला, "एक गोष्ट बोलू? आरोप सगळ्यांसमोर केलास. सॉरी मात्र नळाशी, कुणी नसताना."



मंगळवारी वर्ग भरला तेव्हा ती उठून उभी राहिली. "केदारने माझ्या कामाला हात लावला नव्हता. मी चुकीचं बोलले. खरं काय ते मला माहीत आहे, पण ते माझं सांगायचं नाही. फक्त तो नव्हता आणि मीही नव्हते." मग तिने तेच हिंदीत सांगितलं, त्या दिवशी हसणाऱ्यांनाही कळावं म्हणून. कुणी हसलं नाही. काहींना पटलं, काहींना नाही, ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

केदार मातीचा गोळा मळत होता. त्याने वर पाहिलं नाही. ती खाली बसल्यावर थोड्या वेळाने म्हणाला, "माझी माती कडक झालीय. पाणी आहे का तिकडे?"

तिने पाण्याचा मग उचलला आणि त्याच्याकडे सरकवला.