मला पिळू नका, मी जेली गाळतोय

मित्रांनो, मी एक जुना मलमलचा तुकडा आहे. घरातले लोक मला फडकं म्हणतात आणि तेवढं एक माझ्या मनाला लागतं. फडक्याने ओटा पुसतात, सायकल पुसतात, सांडलेला चहा पुसतात. मी आजवर काहीही पुसलेलं नाही. मी गुलाबाची जेली गाळतो. हे काम कुणा ऐऱ्यागैऱ्याचं नाही, ते माझी गोष्ट ऐकल्यावर तुम्हालाही पटेल.

माझा जन्म एका टेलरच्या दुकानात झाला. जन्म कसला, मी उरलो! कुणाच्या तरी झग्याला अस्तर लावून झालं आणि कात्रीच्या या बाजूला मी शिल्लक राहिलो. टेलर मला चिंध्यांच्या पोत्यात टाकणार, इतक्यात त्यांची बायको तिथे आली. तिने मला उचललं, बोटांत चोळलं, खिडकीच्या उजेडासमोर धरलं आणि म्हणाली, हा मला हवा. चिंधीचं काय करणार, असं टेलर कुरकुरले खरे, पण बायकोचा शब्द खाली पडू देणारा तो माणूस नव्हता. गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना त्यांनी माझ्या चारी कडा दुमडून बारीक टाक्यांनी शिवून दिल्या. त्यांची मुलगी त्यांना अप्पा म्हणायची आणि बायकोला आई. मीही तसंच म्हणतो.

आईच्या परसात गुलाबाचं एक झुडूप होतं. फुलं दिसायला साधीच, गुलाबी आणि विस्कटलेली, पण वास असा की पलीकडच्या गल्लीतला माणूस शिंकायचा थांबून हुंगत राही. वर्षातून एकदाच, थोडे दिवस, ते झुडूप फुलायचं. तेवढ्या दिवसांत आईला कुणी काही विचारायची सोय नव्हती. सकाळी दव वाळलं की ती फुलं खुडायची. पाकळी अन् पाकळी सोडवून तिचं पांढरं टोक कात्रीने उडवायची, कारण त्या टोकात कडूपणा असतो. कात्री अर्थात अप्पांचीच. कापडाच्या कात्रीने झाडपाला कापतात का, म्हणून ते दरवर्षी बोंब मारायचे आणि दरवर्षी धार लावून द्यायचे.

मग आंबट सफरचंदं साली-बियांसकट चिरून पाण्यात मऊ शिजायची. जेली धरते ती त्यांच्यामुळे. नुसत्या गुलाबाचं सरबत होतं, जेली होत नाही. त्यात पाकळ्या पडायच्या, झाकण बसायचं आणि सगळं मुरलं की माझी पाळी यायची. आई स्टूल उलटं ठेवायची, त्याच्या चार पायांना माझी चार टोकं बांधायची, खाली पातेलं ठेवायची आणि तो सगळा गोळा माझ्या झोळीत ओतायची. मग मी गाळायचो. थेंब, थेंब, थेंब. दिवस कलेपर्यंत माझं तेच चालायचं.

इथे एक नियम होता आणि तो आई सगळ्यांना बजावून ठेवायची. मला पिळायचं नाही. दाबायचं नाही, चमच्याने ढोसायचंही नाही. पिळलं की लगदा खाली उतरतो आणि जेली गढूळ होते. आपोआप गळेल तेवढंच आपलं. त्या रसात साखर घालून, लिंबू पिळून तो उकळला की काचेच्या बरणीत असा रंग उतरायचा की शेजारणी बरणी उजेडात धरून त्यातून एकमेकींची तोंडं बघत बसायच्या. फडकं चांगलं हो तुमचं, असं एकीने म्हटलेलं मला अजून आठवतं. फडकं म्हणाली, पण असो.

दरवर्षीचा गुलाब माझ्या अंगावर थोडासा राहायचा. आई मला साध्या पाण्यात खळबळून वाळत टाकायची, साबण कधीच लावायची नाही. डाग जायचे नाहीत. वर्षावर वर्षं साचत माझ्या मधोमध एक मोठा, तपकिरीकडे झुकणारा गुलाबी गोल तयार झाला. मला त्याचा अभिमान होता. कुणाला छातीवर बिल्ले असतात, मला तो होता.

पुढे आई आजारी पडली आणि गेली. त्या वर्षी झुडूप फुललं, पण फुलं कुणी खुडली नाहीत. मी खणात घडी होऊन पडलो. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो, ते मी लपवत नाही.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा घरात वादळ झालं. मुलाबद्दल अप्पांची तक्रार नव्हती. तक्रार होती त्याच्या घरच्या धंद्याबद्दल, कारण ते घर लाँड्रीवाल्यांचं होतं! टेलर आणि लाँड्रीवाला यांचं पटल्याचं तुम्ही कधी ऐकलंय का? आपण जीव ओतून शिवायचं आणि यांनी भट्टीत घालून बटणं तोडायची, हे अप्पांचं आयुष्यभराचं दुखणं. शिवाय घरात माणसं उरली होती दोन, त्यातलं एक निघून चाललं होतं. खरं दुखणं ते होतं, पण ते बोलायला अवघड, म्हणून ते बटणांवर घसरले. लग्न लावून दिलं आणि म्हणाले, त्या घराची पायरी मी चढणार नाही.

मुलीने माहेराहून दोन गोष्टी नेल्या. झुडपाचं एक कलम, रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेलं, आणि मी.

नवं घर मला आवडलं. पुढे लाँड्री, मागे कपडे वाळवायचं अंगण, मध्ये स्वयंपाकघर आणि सगळीकडे वाफ. लाँड्रीचे मालक म्हणजे मुलीचे सासरे. ती त्यांना बाबा म्हणायची. गडगड्या आवाजाचा, मनाने लोण्यासारखा माणूस. सुनेने कलम लावायला जागा मागितली तर त्यांनी अंगणातल्या दोऱ्या सरकवून मधली, उन्हाची जागा दिली. गिऱ्हाइकांच्या चादरी काट्याला अडकायला लागल्या, तरी झुडूप तिथेच राहिलं. पण बाबांच्या हातांना एक खोड होती. ओलं कापड दिसलं की ते हात पिळायचेच. जेवताना सासूबाईंचा भिजलेला पदर दिसला तरी बोलता बोलता पिळून मोकळे व्हायचे.

कलमाने अंग धरायला काही वर्षं घेतली. पहिल्यांदा ओंजळभर पाकळ्या निघाल्या, तेव्हा मुलीने हौसेने मला स्टुलाला बांधलं आणि बाजारात गेली. बाबा पाणी प्यायला आत आले. मी ठिबकत होतो. एवढं पुरे होतं! त्यांनी मला असा पीळ दिला की माझे टाके कण्हले. जेली भाताच्या पेजेसारखी गढूळ झाली. सगळ्यांनी ती चाटूनपुसून खाल्ली, मुलगीसुद्धा हसली. बाबांना मात्र चुटपुट लागून राहिली.

या साऱ्या काळात अप्पा खरंच आले नाहीत. मुलगी फोन करायची, ते बरंय म्हणायचे आणि तुझ्या सासऱ्यांनी आज कुणाची बटणं तोडली ते विचारायचे. पुढच्या वर्षी झुडूप कळ्यांनी लगडलं, तेव्हा ती फोनवर म्हणाली की आईची जेली करतेय, तुम्ही या. आधी त्यांनी गाड्यांच्या वेळा विचारल्या. मग ते म्हणाले, रविवारी येतो, संध्याकाळच्या गाडीने लगेच परत जाईन.

मुलगी फोन ठेवून अंगणभर नाचली. आई गेल्यापासून अप्पांनी ती चव घेतली नव्हती. जेली साधली तर ते पुन्हा येत राहतील, फसली तर हे एकदाचं येणंही वाया जाईल, असं तिने मनाशी धरलं होतं. बाबांनी ते ओळखलं. आपणही काहीतरी करावं, मागल्या वर्षीची भरपाई करावी, असं त्यांना मनापासून वाटलं. आणि लाँड्रीवाला भरपाई कशी करणार?

सून घरात नसताना त्यांनी मला खणातून काढलं. माझा गोल पाहून त्यांचा जीव कळवळला. व्याही येणार आणि आपल्या घरात, लाँड्रीवाल्याच्या घरात, असलं डागाळलेलं फडकं? त्यांनी मला ब्लीचमध्ये बुडवलं, भट्टीत घातलं, वासाच्या साबणाने घुसळलं, नीळ दिली, खळ दिली आणि कडक इस्त्री करून हँगरला टांगलं. मी पांढराशुभ्र झालो होतो. वरातीतल्या नवरदेवासारखा ताठ उभा होतो आणि मला रडावंसं वाटत होतं.

मुलगी आली. तिने मला पाहिलं. बाबा शेजारी उभे होते, शाबासकीची वाट बघत. छान झालंय बाबा, एवढंच म्हणाली आणि अंगणात जाऊन वाळलेल्या चादरींच्या आड बराच वेळ उभी राहिली.

पहिल्या बहराची फुलं माझ्यात पडली आणि माझी पुरती फजिती झाली. खळीने माझी भोकं बुजली होती, थेंब गळेना. जे काही गळलं त्याची जेली सासूबाईंनी चाखली आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "अगं, तोंडात कपडे धुतल्यासारखं वाटतंय." अर्धं झुडूप वाया गेलं होतं. उरलेल्या कळ्या उमलतील त्या थेट रविवारी सकाळीच, आणि त्यानंतर पुढच्या वर्षापर्यंत काही नाही. आता बाबांना सगळं कळलं. ते डाग सुनेच्या आईच्या जेलीचे होते, हे सासूबाईंनी त्यांना बाजूला नेऊन सांगितलं.

मग बाबांनी मला साध्या पाण्यात उकळलं. पुन्हा उकळलं. हुंगून पाहिलं, पुन्हा उकळलं. शेवटी तर चाटून पाहिलं, आणि चव कसलीच नाही अशी खात्री झाल्यावर मला सुनेच्या हातात दिलं. रविवारी सकाळी पाकळ्या शिजल्या, मुरल्या आणि मी स्टुलाला बांधला गेलो. या वेळी थेंब सुटला. बाबा लाँड्रीला कुलूप लावून माझ्यासमोर पाटावर बसले. स्वतःच्या हातांवर भरवसा नव्हता, म्हणून ते हात मांड्यांखाली दाबून बसले. इस्त्रीसाठी कुणीतरी दार वाजवलं, तरी उठले नाहीत.

अप्पा ठरल्यापेक्षा लवकरच्या गाडीने आले. जावई त्यांना घ्यायला गेला होता. स्वयंपाकघराच्या दारात येऊन ते थबकले. जेली तयार नव्हती आणि व्याही हात दडपून पाटावर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. टेलरच तो, आपली शिलाई विसरतोय थोडाच? जवळ येऊन कडेवरून बोट फिरवलं, आणि मग त्यांचे डोळे माझ्या मधोमध काहीतरी शोधू लागले.

"हिचे डाग कुठे गेले?" त्यांनी विचारलं. माझे नव्हे, मित्रांनो. हिचे, म्हणजे आईचे.

मुलगी काहीतरी बोलायला पुढे झाली. सांभाळून घ्यायलाच, नक्की. पण बाबांनी तिला थांबवलं.

"मी काढले," ते म्हणाले. "सूनबाईचा काही दोष नाही. मला माहीत नव्हतं ते कुणाचे आहेत. जन्मभर डाग काढायचंच शिकलो, व्याहीबुवा. परत कसे घालायचे ते मला येत नाही."

मी आपला गळत राहिलो. थेंब. थेंब. मला वाटलं, आता हे आल्या पावली चालू पडणार. सासूबाईंनी पदराचं टोक धरून ठेवलं होतं. अप्पांनी बाबांकडे पाहिलं, त्यांच्या मांड्यांखालच्या हातांकडे पाहिलं.

"हात असे का दाबून बसलाय?" त्यांनी विचारलं.

"पिळतील म्हणून," बाबा म्हणाले.

अप्पांनी टोपी काढून खुंटीला लावली, दुसरा पाट ओढला आणि व्याह्यांच्या शेजारी बसले. पायही दुमडून घेतले, म्हणजे लवकर उठायचा बेत नव्हता.

"डाग काय, पडतील पुन्हा," ते म्हणाले. "एका वर्षात नाही पडायचे. दरवर्षी यावं लागेल मला बघायला."

मुलगी चुलीकडे तोंड करून उभी राहिली आणि उगाचच एक पातेलं ढवळत राहिली. त्या पातेल्यात काहीही नव्हतं.

अप्पांची संध्याकाळची गाडी त्यांच्याविना गेली. मी शेवटचा थेंब सोडला, रस उकळला, थंड बशीवर टाकलेला थेंब बोटाने सरकवला तर त्याला सुरकुती पडली, म्हणजे जेली धरली. बरणीत ती अशी नितळ उतरली की पलीकडची खिडकी त्यातून दिसत होती. अप्पांनी चमचा तोंडात घातला आणि बराच वेळ बाहेरच काढला नाही. मग दुसरा घेतला. बटणांबद्दल दोघा व्याह्यांचं कडाक्याचं भांडण झालं ते जेवणानंतर. दोघेही मनसोक्त भांडले आणि हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीने मला साध्या पाण्यात खळबळलं. दोरीवर उन्हात फडफडताना मी खाली वाकून पाहिलं. माझ्या पांढऱ्या अंगाच्या मधोमध एक फिकट, अगदी फिकट गुलाबी ठिपका होता. बाबा कपड्यांचं बोचकं घेऊन तिथून चालले होते. ते थांबले. ओलं कापड समोर, हात मोकळे. त्यांनी एक बोट त्या ठिपक्याला लावलं आणि पुढे निघून गेले.

तर मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणी असेल, डागाळलेलं, विटलेलं, चार माणसांत न शोभणारं. त्याला जरूर सांभाळा, धुवा, उन्हात घाला. फक्त त्याआधी घरातल्या कुणाला तरी एकदा विचारा, हा डाग कुणाचा आहे?