हर्षलच्या उडीखाली

कर्जतजवळच्या वाडीतला गहिनीनाथ सहा फूट पाच इंच उंच होता. त्या उंचीमुळेच त्याच जिल्ह्यातल्या नागापूरच्या एका कंपनीने त्याला बास्केटबॉल संघात घेतलं आणि हंगामी कामगार म्हणून लावून घेतलं. बास्केट टाकणं त्याला कधीच नीट जमलं नाही. पण रिंगखाली तो उभा राहिला की समोरच्याला वाट मिळायची नाही.

१९९४ साली कंपन्यांच्या स्पर्धेची फायनल संगमनेरला झाली. शेवटची काही सेकंदं उरली होती आणि नागापूर एका गुणाने पुढे होतं. रिंगवरून परतलेला बॉल समोरच्या संघातल्या हर्षलने उंच उडी मारून पकडला. गहिनीनाथला पोचायला उशीर झाला. हर्षल खाली येत असताना गहिनीनाथने आपला पाय त्याच्या पायाखाली सरकवला. हर्षल कोसळला, बॉल निसटला, सामना संपल्याची शिट्टी वाजली आणि नागापूर जिंकलं. पंचांना पाय दिसला नव्हता.

स्ट्रेचरवरून जाताना हर्षलनेच गहिनीनाथचा हात धरला. "चुकून झालं रे. मनाला लावून घेऊ नकोस."



पुढच्याच महिन्यात कंपनीने गहिनीनाथला नोकरीत कायम केलं. आई गोजरबाईने वाडीत पेढे वाटले. "माझ्या लेकानं लई नाव काढलं," असं ती कुणाला सांगू लागली की तो उठून बाहेर जायचा.

हर्षलचा गुडघा आता खेळण्याजोगा राहिला नाही, हे कळल्यावर गहिनीनाथ त्याच्या घरी संगमनेरला गेला. हर्षलची बायको रेश्मा चहा घेऊन आली.

"रिंगखाली उभा राहणारा याच्यासारखा सेंटर जिल्ह्यात नाही बरं," हर्षल तिला कौतुकाने सांगू लागला.

"पाय मी मुद्दाम घातला हुता," गहिनीनाथ म्हणाला.

रेश्मा जागीच थांबली.

"कोचने सांगितलं होतं?" हर्षलने विचारलं.

"न्हाई. माझं मलाच सुचलं."

"मग मी तुझा हात धरला, तेव्हा का नाही बोललास?"

गहिनीनाथ उठून उभा राहिला.

"जा तू," हर्षल म्हणाला.

दुसऱ्या दिवशी गहिनीनाथने कंपनीच्या मॅनेजरसाहेबांना सगळं सांगितलं. "खेळात चालायचंच," ते हसले. नोकरी सोडतो म्हणायचं ठरवून तो आत गेला होता. ते शब्द काही तोंडातून निघाले नाहीत.

आणखी तीन हंगाम तो खेळला. पण समोरच्याने उडी मारली की त्याचे पाय आपोआप मागे सरायचे.

"तुला भीती कशाची वाटते?" एकदा कोच सगळ्यांसमोर ओरडले.

त्याने जर्सी काढून बाकावर ठेवली आणि सोमवारपासून कारखान्यात पूर्णवेळ लेथ मशीनवर उभा राहिला.